तोफ कुठल्या पानावर आहे?

देवळाली कॅम्पाकडचे आहेत हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं. पाठ ताठ, मिशा मापात कातरलेल्या, आणि दुकानात शिरताना चपला काढून एकीला एक लावून ठेवलेल्या. आमच्या दुकानात चपला काढायची पद्धत नाही, पण त्यांना कोण सांगणार. तोफखान्यात चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

"शेठ, लढाईवरचं काहीतरी द्या. मराठीत. फार जाड नको, डोळे दुखतात."

मी मागे न बघताच हात घातला आणि 'रणांगण' काढून दिलं. पातळ पुस्तक, लढाईचं नाव, वर्षानुवर्षं खपणारं. दहा टक्के सूट वजा करून पैसे घेतले, पिशवीत घातलं, विषय संपला.

आठ दिवसांनी ते परत आले. चपला पुन्हा तशाच. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे दुमडून, शाळेतल्यासारखं.

"तुम्ही वाचलंय हे?"

"हो तर."

हे 'हो तर' माझ्या तोंडून आपोआप निघतं. देवळातल्या पुजाऱ्याच्या तोंडून 'सुखी रहा' निघतं तसं.

"मग यात तोफ कुठल्या पानावर आहे तेवढं सांगा."

मी पुस्तक हातात घेतलं, चाळल्यासारखं केलं, चष्मा पुसला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही माना वळवल्या. हवालदारसाहेब रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट होतं. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की यात एक बोट आहे, ती युरोपातून मुंबईकडे निघाली आहे, युद्ध तोंडावर आलंय, बोटीवर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू आहेत आणि त्यांच्यातली हॅर्टा नावाची एक मुलगी आपल्याकडच्या एका तरुणावर जीव लावते. "पुस्तक वाईट नाही हो. पण तुम्ही मला लढाई म्हणून दिलंत."

पैसे परत मागितले नाहीत. बदलून द्या म्हणाले नाहीत. चपला घातल्या आणि गेले.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी 'रणांगण' वाचायला घेतलं आणि पहाटे अडीचला संपवलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 सालची. मी दुकानात बसायला लागलो त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि या काळात तिच्या किती प्रती माझ्या हातून गेल्या असतील याचा हिशोब नाही. एवढ्या वर्षांत मला तिच्याबद्दल काय माहीत होतं? बेडेकर, गाजलेली, अभ्यासक्रमाला असते, पातळ आहे, लगेच जाते. संपलं.

आमचं दुकान नाशिकच्या सराफ बाजारातून दहीपुलाकडे उतरताना एका बोळात आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काढलेलं. अण्णा आयुष्यभर दोनच गोष्टी मन लावून वाचत, एक पंचांग आणि दुसरी प्रकाशकांची सूचिपत्रं. सूचिपत्रावर त्यांचा जीव होता. कुठल्या प्रकाशकाने कुठल्या पुस्तकाची किंमत कधी वाढवली, कोण तीस टक्के कमिशन देतो, कोण पंचविसावर अडतो, कोण पडून राहिलेला माल परत घेतो, हे सगळं तोंडपाठ. मी कॉलेजात असताना काउंटरवर बसून वाचत होतो तर म्हणाले, "तू वाचायला बसलास तर विकणार कोण?" त्यांचं चुकत होतं असंही नाही. तेवढ्यात एक बाई नवनीत मागून निघून गेल्या होत्या, मला पत्ता नव्हता.

तर पुस्तकवाला वाचतो कसा, ते सांगतो. पहिलं पान वाचतो. मलपृष्ठ वाचतो. प्रस्तावना असली तर तिचा पहिला परिच्छेद, आणि शेवटी आभार, कारण आभारात गावातल्या कुणाचं नाव असेल तर तो माणूस पाच प्रती घेऊन जाणार असतो. बाकी मजकूर गिऱ्हाइकांच्या तोंडून कळतो. कुणी म्हणतं रडवलं, कुणी म्हणतं कंटाळवाणं आहे, कुणी म्हणतं सासूबाईंना आवडलं. तेच मी पुढच्याला सांगतो, स्वतः वाचल्यासारखं. एका पुस्तकाबद्दल मी दहा वर्षं 'शेवट फार हलवून टाकतो' असं सांगत होतो, आणि ते वाक्य मला ज्या मास्तरांनी सांगितलं होतं त्यांनी नंतर कबूल केलं की त्यांनीही ते पूर्ण वाचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हाताची. नवं पुस्तक पूर्ण उघडायचं नाही. कणा मोडला की गिऱ्हाईक ते बाजूला सारतं आणि खालची प्रत मागतं. त्यामुळे आम्ही पुस्तक अर्धवट मिटलेल्या दारासारखं धरून आत डोकावून वाचतो. मानेला एक विशिष्ट रग लागते, ती धंद्यातल्या माणसालाच कळेल. भेळ, भजी, चिवडा खाल्लेल्या हाताने तर नाहीच. शिवाय हल्ली निम्मी पुस्तकं प्लास्टिकच्या घट्ट वेष्टनात येतात. ते फाडलं तर माल जुना झाला म्हणायचं. म्हणजे पुस्तकं माझ्या चारी बाजूंना, आणि वाचायची सोय नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी वही मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि जुन्या उधारीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी एक यादी करायला घेतली. मथळा लिहिला नाही, लाज वाटली. न वाचता विकलेली पुस्तकं. कप्प्याकप्प्याने गेलो. पहिल्यांदा सत्तरच्या वर नावं झाली, तेव्हा पेन खाली ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पाककृती, ज्योतिष, स्पर्धा परीक्षा आणि स्वतःला श्रीमंत कसं करावं ही सगळी काढून टाकली. राहिली सदतीस. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ही वाचायची असं ठरवलं. बायको म्हणाली, "सदतीस? तुम्ही चालायला जाणार होतात त्याचं काय झालं?"

कणा मोडायचा प्रश्न मी सार्वजनिक वाचनालयात सोडवला. आमचं वाचनालय 1840 सालचं. त्याच्याच आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह, जिथे मी लहानपणी अण्णांच्या मांडीवर झोपून बरीच नाटकं पाहिली. पुस्तकवाल्याने वाचनालयाचं सभासद व्हायचं म्हणजे वाण्याने शेजारच्या वाण्याकडून साखर आणल्यासारखं आहे. फॉर्मवर व्यवसाय लिहिताना मी 'व्यापार' लिहिलं. पण वाचनालयाच्या प्रतींची मजा वेगळी असते. त्या सपशेल उघडतात, टेबलावर उताण्या पडतात, आणि त्यांत आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने भांडणं केलेली असतात. एका कादंबरीत समासात कुणीतरी लिहिलेलं, 'हा माणूस मूर्ख आहे', आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'सगळेच असतात'.

थंडीत चांगलं जमलं. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी बोळात दहा वाजेपर्यंत ठाण मांडून असते. मी नऊला शटर अर्धं वर करून आत बसायचो. गिऱ्हाईक साडेदहाच्या आधी फिरकत नाही. दीड तास मिळायचा. दुपारी दोन ते चार हा खरा वाचनाचा वेळ, पण त्या वेळात माझी झोप आणि पुस्तक यांची झटापट असते, आणि झोप वजनाने जड आहे.

जानेवारीत 'श्यामची आई' घेतलं. हसू नका. शाळेत त्यातले धडे होते, सिनेमा पाहिला होता, पण पुस्तक सलग वाचलं नव्हतं. आणि हे मी सर्वांत जास्त विकलेल्या पुस्तकांपैकी. बक्षीस समारंभाच्या हंगामात शाळा गठ्ठ्याने नेतात. शिपाई येतो, यादी देतो, मी सुतळीने बांधून देतो. सानेगुरुजींनी ते आमच्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 9 फेब्रुवारी 1933 ला सुरू करून 13 तारखेच्या पहाटे संपवलं. पाच दिवसांत. नाशिकरोडला जाताना जेलरोडवरून मी हजार वेळा गेलो असेन, त्या भिंतीकडे बघून कैद्यांच्या गणपतीच्या मूर्ती आठवायच्या, हे पुस्तक कधी आठवलं नाही.

माझी समजूत होती की हे आईच्या मायेचं, डोळ्यांत पाणी आणणारं, संस्काराचं पुस्तक. ते आहेच. पण मी ते उधारीच्या वहीच्या बाजूला ठेवून वाचलं, आणि मला त्यात पानोपानी कर्ज दिसलं. घराण्याची पत होती ती कशी गेली, वडील कसे दबत गेले, सावकाराचा माणूस घरी येऊन बाईमाणसाला काय बोलतो, जप्ती म्हणजे काय. शाळेत आम्हाला पायाला घाण लागू नये म्हणून आईने पदर पसरला तेवढंच शिकवलं. सावकाराच्या माणसावर कुणी प्रश्न विचारला नाही. मला वाटतं ज्यांनी धडे निवडले त्यांनी वसुलीची भीती कधी बघितलेली नसावी. मी उधारीच्या वहीतल्या तीन नावांवर त्या आठवड्यात काट मारली. फार मोठ्या रकमा नव्हत्या, दोनशे, साडेतीनशे अशा. अण्णा असते तर त्यांनी मला दुकानातून काढलं असतं.

फेब्रुवारीत 'विशाखा'. 27 फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या जन्मदिवशी, दुकानात दरवर्षी वर्दळ असते. शिरवाडकरांना नाशिकमध्ये अजून तात्यासाहेबच म्हणतात, ज्यांनी त्यांना पाहिलं नाही तेही. 'विशाखा' 1942 मध्ये आलं आणि ते वि. स. खांडेकरांनी छापलं, हे मला माहीत होतं, कारण ही माहिती काउंटरवर उपयोगी पडते. कविता मात्र शाळेत पाठ केलेल्या दोन-तीनच. सलग वाचायला गेलो तर जमेना. कविता काउंटरवर वाचता येत नाही हा माझा अनुभव. कादंबरीत मध्येच 'फेविकॉल आहे का' आलं तर पुन्हा दुवा सापडतो, कवितेत सापडत नाही. मग रोज एक, शटर वर करायच्या आधी, दुकानाबाहेर उभं राहून. बोळातला चहावाला विचारायचा, "कुलूप लागत नाही का शेठ?"

मार्चपासून आईला वाचून दाखवायला लागलो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मोतीबिंदू काढलेला, पण बारीक टाईप तिला चालत नाही. तिने स्वतः निवडलं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. म्हणाली, "जलालपूरची ना ती? माझ्या मावशीच्या शेजारचं गाव." लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकला लागून असलेल्या जलालपूरचा. मला हेही माहीत नव्हतं. माझ्या दुकानात हे पुस्तक 'चरित्र-आत्मचरित्र' कप्प्यात वरून दुसरं असतं, आणि वर्षातून पाच-सहा प्रती जातात, बहुतेक एम.ए.च्या मुलींकडे.

रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास. पहिल्या आठवड्यात आई नुसती ऐकत होती. मग लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे किस्से आले आणि ती हसायला लागली, तिला ठसका लागला, बायकोने पाणी आणून दिलं. मग बायकोही बसायला लागली, भाजी निवडत. मग मुलगी, मोबाईल हातात ठेवून, पण कान इकडे. नारायण वामन टिळक न सांगता घरातून निघून जायचे तो भाग आला की आई मला थांबवायची. "तुझे वडील असेच. दुकान लावून वणीला गेले ते तिसऱ्या दिवशी आले. येताना पेढे आणले आणि म्हणाले देवीने बोलावलं होतं." हे मला पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तो भाग मी वाचत असताना घरात कुणी काही बोललं नाही. बाई शाळेत गेलेली नाही, नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तेवढीच, आणि ती जे लिहिते ते ओट्यावर बसून सांगितल्यासारखं. ज्याला आम्ही काउंटरवर 'भाषा सोपी आहे' म्हणून विकतो ते किती अवघड असतं, हे मोठ्याने वाचताना जिभेला कळतं. एकही वाक्य अडखळवत नाही. मला विचाराल तर यादीतलं हे माझं सर्वांत आवडतं पुस्तक ठरलं. संपल्यावर आई म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून लाव." टीव्हीवरच्या मालिकेसारखं.

सगळीच अशी नव्हती. 'मृत्युंजय' मी अर्ध्यावर सोडलं. 1967 पासून आजतागायत ते खपतंय, वडील मुलाला घेऊन देतात, लोक माझ्यासमोर त्यातली वाक्यं म्हणून दाखवतात. माझ्याच्याने त्यातला सूर्य सोसवला नाही. प्रत्येक पानावर उगवतो. यात पुस्तकाचा दोष किती आणि विसाव्या वर्षाऐवजी पंचावन्नाव्या वर्षी वाचण्याचा किती, सांगता येणार नाही. मुरलीधर खैरनारांचं 'शोध' मात्र दोन रात्रींत संपलं. सुरतेच्या लुटीतला खजिना, आपल्याच जिल्ह्यातले डोंगर, 1670 ची वणी-दिंडोरीची लढाई. त्याबद्दल फार सांगत नाही, दुसऱ्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला पाचशेच्या नोटेचे हजाराचे सुटे दिले एवढंच सांगतो.

'कोसला' कॉलेजात दोनदा सोडलं होतं. तेव्हा वाटायचं, यात काही घडत का नाही. या वेळी एप्रिलच्या उन्हात, गिऱ्हाईक नसताना, चार दुपारीत झालं. मनीच्या मरणाची पानं आली तेव्हा मी शटर अर्धं खाली ओढलं. चहावाल्याला वाटलं कुणीतरी गेलं, तो डोकावून गेला. मला धाकटी बहीण नाही. तरी. त्यानंतर आठवडाभर मी घरात उदाहरणार्थ वगैरे घालून बोलत होतो, ते मुलीने बंद करायला लावलं.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळी तिकडे जाणं होतं, वाचन मागे पडतं. जून तर गेलाच. जूनमध्ये आम्ही पुस्तकवाले नसतो, हमाल असतो. बालभारतीचे गठ्ठे, वह्या डझनाने, खाकी कव्हरं, नावाच्या चिठ्ठ्या, कंपास, आणि रांगेत मागून ओरडणारे पालक. अख्ख्या जूनमध्ये मी वाचलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सातवीची पुस्तक-यादी. वर्षभराचं भाडं तो महिना देतो, म्हणून तक्रार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बोळात वाचन एक डोळा नदीकडे ठेवून चालतं. 2008 च्या पुरात दुकानात कमरेएवढं पाणी होतं. 2016 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. पहिल्या वेळी खालचे दोन कप्पे गेले. भिजलेलं पुस्तक फुगतं आणि कप्प्यातच घट्ट बसतं, ओढलं तर हातात लगदा येतो. तेव्हापासून आमची मांडणी विषयवार नाही, पुराच्या हिशोबाने आहे. खाली वह्या आणि परत जाणारा माल, मधे जे लवकर खपतं ते, आणि सर्वांत वर जे पुन्हा मिळणार नाही ते. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्याचा निरोप आला की आम्ही खालचा कप्पा उपसायला घेतो.

तशाच एका उपशात, पाणी येईल या भीतीने मधला कप्पा रिकामा करताना, 'जेव्हा मी जात चोरली होती' हाती आलं. बाबूराव बागुल नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. पुस्तक 1963 चं, 'कोसला' आलं त्याच सालचं. मी ते कायम गाईडबरोबर जोडी लावून विकलं, कारण मागणी तशीच येते. पाणी त्या दिवशी आलं नाही. मी स्टुलावर बसून वाचत राहिलो. नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला, गुजरातेत गेलेला तरुण आहे, आणि राहायला खोली मिळावी म्हणून तो जात लपवतो.

आमच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा ती बघायला आला होता, सिन्नरकडचा, इथे कंपनीत लागलेला. गाडी आहे का, किती जण राहणार, भाडं परवडेल का, हे सगळं मी नंतर विचारलं. पहिला प्रश्न विचारला तो आडनावाचा. त्याने सांगितलं. मी म्हणालो, बघतो, घरी विचारून कळवतो. घरी विचारण्यासारखं काही नव्हतं, खोली माझीच. कळवलं नाही. महिनाभराने ती दुसऱ्याला दिली.

त्याचा नंबर मी शोधला. जुन्या वहीत लिहिलेला आठवत होता, सापडला नाही. ती कथा आईला वाचून दाखवायची असं ठरवलं होतं, अजून दाखवलेली नाही.

या सगळ्यात धंद्याचं काय झालं, तेही सांगायला पाहिजे. मी 'हो तर' म्हणायचं बंद केलं. गिऱ्हाइकाने विचारलं तर जे वाचलं त्याला वाचलं म्हणायचं, नाही त्याला नाही. पहिल्याच आठवड्यात कॉलेज रोडवरून खास आलेल्या एका बाईंनी सहाशे रुपयांचं पुस्तक हातात धरून विचारलं, "चांगलं आहे का?" मी म्हणालो, "वाचलं नाही अजून." त्यांनी ते अलगद खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग राहू द्या." दुकानातला पोऱ्या माझ्याकडे असा बघत होता की जणू मी गल्ला उघडा टाकून गेलो. "शेठ, वाचलंय म्हणायला काय जातं?" त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण सव्वीस वर्षं माझाही तोच प्रश्न होता.

उलटही झालं. 'स्मृतिचित्रे'च्या वर्षाला पाच-सहा जायच्या, या वर्षी सव्वीस गेल्या. मी काही विशेष बोलत नव्हतो. सोवळ्याचा एक किस्सा सांगायचो आणि थांबायचो. 'मृत्युंजय' मात्र मला न आवडूनही तेवढंच खपलं. त्याला माझी गरज नाही.

दिवाळी अंकांचे गठ्ठे आले आणि वाचन थांबलं. पाडव्याच्या सकाळी उधारीच्या वहीची मागची पानं उघडली. सदतीसपैकी एकवीस पूर्ण, चार अर्धी, बारांना हात लागलेला नाही. राहिलेली बारा नव्या वहीच्या मागे उतरवून घेतली. हळदकुंकू पुढच्या बाजूला आहे, ही यादी मागच्या, म्हणजे लक्ष्मी आणि सरस्वती पाठीला पाठ लावून.

भाऊबीजेनंतर हवालदारसाहेब आले. मधल्या वर्षात ते चार-पाचदा येऊन गेले होते, दर वेळी चपला बाहेर. 'रणांगण' त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं होतं, आणि बेडेकरांचं आणखी काही आहे का म्हणून 'एक झाड आणि दोन पक्षी'ही नेलं होतं. या खेपेला स्टुलावर बसले, पाणी प्यायले, वरच्या कप्प्याकडे बोट केलं. "ते जाड कोणतं?"

श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत', दोन खंड. यादीतल्या राहिलेल्या बारांपैकी.

"वाचलंय?"

"नाही."

"मग काढा खाली. मी वाचून सांगतो तुम्हाला."

"तुम्हाला जाड चालत नाही ना? डोळे दुखतात म्हणाला होतात."

"दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं." पाकीट काढता काढता थांबले. "दोन खंड आहेत. दहा टक्के नको, पंधरा करा."

मी बारा केले.